गोळी सुटली, पण बोल्ट अर्ध्यावरच का थांबला?

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा न्यूझीलंडमध्ये .२२ ची, म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीची गोळी झाडणारी, सेमी-ऑटोमॅटिक रायफल पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला एक प्रकार हमखास गोंधळात टाकतो. एका डब्यातली काडतुसं भरली की रायफल दहाच्या दहा बार बिनतक्रार काढते. 'ही जरा कमी आवाजाची आहेत' म्हणून घेतलेला दुसरा डबा उघडला की पहिला बार होतो, गोळी कागदावर लागतेही, आणि गाडी तिथेच अडते. कधी रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकलेली दिसते. कधी सगळं जागच्या जागी वाटतं, पण चाप ओढला की नुसतं 'टक्'. मग मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बदला, स्प्रिंग बदला, गनस्मिथला दाखवा अशी धावपळ सुरू होते. यातल्या बऱ्याच रायफली ठणठणीत असतात. कमी असतो तो काडतुसाचा जोर.

हे नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण या निरुपद्रवी अडथळ्यांच्या गर्दीत एक अडथळा असा असतो की तो ओळखता आला नाही तर नळी फुटते आणि माणूस जखमी होतो. कोणता अडथळा साधा आणि कोणता घातक हे ओळखायचं तर आधी बंदुकीच्या पोटात काय चालतं ते कळायला हवं.

आधी लागणारे शब्द

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच बार, पण रिकामी पुंगळी बाहेर टाकून पुढचं काडतूस आत घेण्याचं काम बंदूक स्वतः करते. याउलट बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत प्रत्येक बारानंतर हाताने दांडी मागे-पुढे करावी लागते.

काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्यात दारू, पुढे बसवलेली गोळी आणि ठिणगी देणारा स्फोटक मसाला. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं. त्यात हा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. काडतूस जिथे बसतं ते चेंबर, आणि मागून ते दाबून धरणारा पोलादी ठोकळा म्हणजे बोल्ट. पुढच्या सगळ्या गोष्टीत पाहायचंय ते या बोल्टकडे.

सगळी कामं एकाच धक्क्यात

.२२ च्या बहुतेक सेमी-ऑटो रायफली 'ब्लोबॅक' पद्धतीच्या असतात. १९६४ मध्ये बाजारात आलेली रूगर १०/२२ ही त्यातली सगळ्यांच्या ओळखीची. ब्लोबॅकमध्ये बोल्टला कडी-कोयंडा काही नसतो. त्याला जागेवर धरून ठेवतं ते त्याचं स्वतःचं वजन आणि मागची स्प्रिंग. बार झाला की दारूचा वायू गोळीला पुढे ढकलतो आणि त्याच क्षणी पुंगळीला मागे. पुंगळी बोल्टला ढकलते. बोल्ट गोळीपेक्षा कितीतरी जड, म्हणून तो हळू हलतो आणि तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते.

या एका धक्क्यावर बोल्टला बरंच काही उरकायचं असतं. पुंगळी चेंबरमधून ओढून काढायची, ती इजेक्टर नावाच्या खुंटीवर आपटून बाहेर भिरकवायची, फायरिंग पिनवर ठोका मारणारा हॅमर मागे दाबून पुन्हा ताणायचा, स्प्रिंग आवळायची आणि मॅगझिनमधल्या वरच्या काडतुसाच्याही मागे पोहोचायचं. तिथून परतताना मात्र त्याच्यामागे फक्त स्प्रिंगचा जोर असतो. त्या जोरावर त्याने नवं काडतूस उचलायचं, चेंबरमध्ये ढकलायचं आणि दार घट्ट बंद करायचं.

बँकेत किंवा दवाखान्यात स्प्रिंगचं दार असतं ना, ढकलून सोडलं की आपोआप मिटणारं, ते डोळ्यांसमोर आणा. जोरात ढकललं तर ते पूर्ण उघडतं, तुम्ही आत जाता आणि दार तितक्याच जोरात मिटतं. बोटाने ढकललं तर वीतभर उघडतं आणि परत येतं. त्या वेळी दारात बिघाड असतो असं कुणी म्हणत नाही. ढकलणं कमी पडलं, एवढंच.

शाळेतल्या गणिताने उत्तर सापडतं

गोळी पुढे जाते आणि बोल्ट मागे येतो तेव्हा दोघांचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, सारखाच असतो. नववी-दहावीत शिकलेला हा नियम इथे थेट कामाला येतो. हिशेबाच्या सोयीसाठी बोल्ट २०० ग्रॅमचा धरू आणि दारूच्या वायूचं स्वतःचं वजन सोडून देऊ.

नेहमीच्या वेगवान काडतुसात ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी असते आणि ती सेकंदाला साधारण ३८० मीटर वेगाने निघते. त्यावरून बोल्टला मागे मिळणारा वेग येतो सेकंदाला ४.९ मीटर, आणि बोल्टकडची ऊर्जा सुमारे २.४ ज्यूल.

आता तीच गोळी सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाच्या काडतुसातून सेकंदाला ३२० मीटरने सोडली. बोल्टचा वेग ४.२ मीटरवर येतो आणि ऊर्जा १.७ ज्यूलवर. गोळीचा वेग घटला १६ टक्के, पण बोल्टची ऊर्जा घटली ३० टक्क्यांच्या आसपास, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. काडतूस किंचितच मंद आहे असं वाटतं, पण बोल्टच्या वाट्याला येणारी तूट दुप्पट असते.

अमेरिकेत सीसीआय कंपनीचं 'क्वाएट-२२' नावाचं काडतूस मिळतं. गोळी तीच ४० ग्रेनची, वेग सेकंदाला सुमारे २१६ मीटर. इथे बोल्टकडे येतात जेमतेम ०.८ ज्यूल, म्हणजे वेगवान काडतुसाच्या एक तृतीयांश. सेमी-ऑटोत ते फेरी पूर्ण करेल अशी अपेक्षाच चुकीची. कंपनीही ते मुख्यतः बोल्ट-अ‍ॅक्शन आणि एकबारी रायफलींसाठी म्हणून विकते. पुढे याच कंपनीने सेमी-ऑटोसाठी वेगळं शांत काडतूस काढलं. त्यात गोळी ४५ ग्रेनची आणि वेग सेकंदाला सुमारे २५५ मीटर. गणित मांडा: बोल्टची ऊर्जा जवळजवळ १.४ ज्यूल. आवाज कमीच राहिला, पण गोळी थोडी जड आणि थोडी वेगवान केल्याने बोल्टच्या हाती जवळपास पावणेदोनपट ऊर्जा आली.

याच वाटेने आणखी पुढे गेलं ते मेक्सिकोतल्या अगिला कंपनीचं ६० ग्रेनचं सबसॉनिक काडतूस. ३.९ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे २९० मीटर. तिचा संवेग वेगवान काडतुसापेक्षाही जास्त भरतो, म्हणून आवाजाचा वेग न ओलांडताही ती बोल्टला सणसणीत मागे फेकते. मग सगळ्यांनी हेच का वापरू नये? कारण गोळीला भोवऱ्यासारखं फिरवणारे नळीतले पीळ. नेहमीच्या .२२ नळीत गोळी १६ इंचांत एक गिरकी घेते. ६० ग्रेनची गोळी लांब असते आणि तेवढ्या गिरकीने ती सरळ राहत नाही. ती हवेत डोलते आणि कागदावर आडवी लागून गोल भोकाऐवजी लांबट फट पाडते. बोल्ट खूश, नेम बिघडलेला.

मग मंद काडतुसं हवीतच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. वेगवान काडतूस घाला, कटकट मिटली, असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि केवळ सराव करायचा असेल तर त्यांचं म्हणणं बरोबरच आहे.

पण आवाजाचा वेग २० अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. गोळी त्याहून वेगाने गेली की हवेत कडाक्याचा आवाज होतो, आणि तो नळीच्या तोंडाला काहीही लावून थांबत नाही. ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये शेतात सशांचा मोठा उपद्रव असतो. तिथे सायलेन्सर आणि सबसॉनिक काडतुसं ही जोडी शेतकऱ्यांच्या रोजच्या वापरातली. एका आवाजाने बाकीचे ससे पळत नाहीत आणि शेजारच्या वस्तीलाही त्रास होत नाही.

आणि याच दोन देशांत कायद्याने सेमी-ऑटो रायफलींवर कडक बंधनं आणली. ब्रिटनमध्ये १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर १९८८ च्या कायद्याने, न्यूझीलंडमध्ये २०१९ च्या क्राइस्टचर्च हल्ल्यानंतर. दोन्हीकडे सूट राहिली ती मुख्यतः .२२ रिमफायरला, म्हणजे बुडाच्या कडेत मसाला असलेल्या काडतुसांच्या रायफलींना, न्यूझीलंडमध्ये तर मॅगझिन दहा काडतुसांपर्यंतचंच हवं या अटीवर. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याच्या हातात सेमी-ऑटो असली तर ती बहुधा .२२ ची, आणि तिच्यात भरायची असतात मंद काडतुसं. तिथे ही अडचण वारंवार पुढे येते ती त्यामुळे.

दुसरं कारण अचूकतेचं. आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळी हेलकावते. म्हणून ५० मीटर स्पर्धेची काडतुसं मुद्दाम सेकंदाला ३२५-३३० मीटरच्या आसपास ठेवलेली असतात. इथे हवामानही लुडबुड करतं. शून्य अंशाला आवाजाचा वेग ३३१ मीटरवर उतरतो. पुण्याच्या उकाड्यात आरामात सबसॉनिक असलेलं काडतूस कडाक्याच्या थंडीत अगदी काठावर येऊन बसतं.

बोल्ट कुठवर आला ते बघा

अडकलेली रायफल नीट पाहिली तर तीच सांगते की धक्का कुठे संपला. मात्र पाहण्याआधी क्रम पाळायचा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, मॅगझिन काढायचं, मग खिडकीत डोकवायचं. बार झाला की नाही याबद्दल जरा जरी शंका असेल तर अर्धा मिनिट नळी समोरच धरून थांबायचं. ठिणगी कधी कधी उशिरा पेट घेते, आणि तोवर बोल्ट उघडला तर काडतूस तोंडासमोर फुटतं.

पुंगळी अजून चेंबरमध्येच असेल, तर बोल्ट जेमतेम हलला आहे. हे दोन कारणांनी होतं: धक्का फारच दुबळा, किंवा चेंबर इतकं मळलेलं की पुंगळी चिकटून बसली. पुंगळी बाहेर आली पण खिडकीत उभी अडकली असेल, तर बोल्ट अर्ध्याहून जास्त मागे आला, पण इजेक्टरवर पुंगळी पुरेशा जोराने आपटली नाही. ती बाहेर पडायच्या आत बोल्ट परत आला आणि तिला पकडून बसला. पुंगळी नीट उडाली, तरी चेंबर रिकामं आणि मॅगझिनमध्ये काडतुसं जशीच्या तशी असतील, तर बोल्ट वरच्या काडतुसाच्या मागे पोहोचायला थोडक्यात कमी पडला आणि त्याच्या डोक्यावरून घसरत परत गेला. हॅमर तोवर ताणला गेला असेल तर चाप ओढल्यावर 'टक्' ऐकू येतं. नसेल तर चाप लिबलिबीत लागतो.

नवख्याला फसवणारी खूण चौथी आहे. काडतूस चेंबरमध्ये गेलंय, पण बोल्ट दोन-तीन मिलिमीटर उघडा राहिलाय. इथे माणूस म्हणतो, बोल्ट मागे तर नीट आला, पुढे का अडला? कारण मागे पूर्ण न आल्याने स्प्रिंगही पूर्ण आवळली गेली नाही. दार अर्धंच उघडलं तर मिटतानाही त्यात दम नसतो. असा उघडा बोल्ट अंगठ्याने ठोकून बंद करायची सवय लावू नका. चेंबरमध्ये काही अडकलं आहे का हे न पाहता काडतूस दाबणं धोक्याचं आहे.

आता एक साधी तपासणी. त्याच रायफलीत, त्याच मॅगझिनने, वेगवान काडतुसं चालवून बघा. ती सुरळीत चालली तर रायफल ठीक आहे आणि प्रश्न जोराचा आहे. तीही अडली तर पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरचा आकडा, काडतूस धरून ठेवणारे मॅगझिनचे ओठ, मॅगझिनची स्प्रिंग यांच्याकडे वळा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काडतूस, मॅगझिन आणि तेल तिन्ही एकदम बदललं तर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही.

मळ, मेण आणि थंडी

मंद काडतुसं पहिल्या पन्नास बारांत चालतात आणि मग अडू लागतात, असंही होतं. पहिल्या बारापासून अडत असेल तर जोर अपुरा. हळूहळू अडायला लागत असेल तर मळ. हा फरक मला सगळ्यात उपयोगी वाटतो, आणि नेमका तोच फारसा कुणी टिपून ठेवत नाही.

.२२ ची गोळी शिशाची आणि बहुधा बाहेरून मेण किंवा ग्रीस लावलेली. मंद काडतुसात दाब कमी, त्यामुळे दारू अर्धवट जळते. पुंगळीही पुरेशी फुगून चेंबरला घट्ट बसत नाही आणि काजळी मागे झिरपते. मेण, शिसं आणि न जळलेली दारू यांचा चिकट राप बोल्टच्या तोंडावर, एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली आणि चेंबरमध्ये साचतो. म्हणजे ज्या काडतुसाकडे मुळातच जोर कमी, तेच स्वतःच्या वाटेत जास्त घर्षण निर्माण करतं.

चेंबरमधला मळ आणखी एका कारणाने होतो. लाँग रायफलच्या चेंबरमध्ये कुणी बरेच दिवस आखूड पुंगळीची .२२ शॉर्ट काडतुसं चालवली असतील, तर पुंगळीच्या पुढच्या रिकाम्या भागात काजळीचं कडं तयार होतं. मग लांब पुंगळी त्या कड्यात रुतते आणि निघता निघत नाही. हे कडं नुसत्या चिंधीने जात नाही, चेंबरचा ब्रश फिरवावा लागतो.

तेलाबद्दलही गैरसमज आहे. अडतंय म्हणून भरपूर तेल सोडलं की पहिले काही बार बरे जातात, नंतर त्याच तेलात काजळी कालवून लगदा होतो. थंडीत तर तेल घट्ट होतं. आधी स्वच्छ पुसून कोरडं करायचं आणि बोल्ट जिथे घासतो तिथे पातळ तेलाचं बोट फिरवायचं. इतकंच पुरतं.

'स्प्रिंग कापली तर?'

स्प्रिंग हलकी केली किंवा बोल्ट घासून हलका केला तर तो कमी जोरात मागे येईलच की! येईल. पण ब्लोबॅकमध्ये बोल्टचं वजन आणि स्प्रिंग हेच कुलूप असतं. ते हलकं केलं आणि उद्या चुकून वेगवान काडतूस भरलं, तर नळीत दाब असतानाच बोल्ट मागे सरकेल. पातळ पितळेच्या पुंगळीला मागून आधार उरणार नाही, ती फुटेल आणि गरम वायू व पितळेचे तुकडे नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येतील. स्प्रिंग कापायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. बदल करायचाच असेल तर तो रायफल बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा परवानाधारक गनस्मिथच्या हातून, आणि नंतर कोणतं काडतूस चालेल ते लिहून घेऊन.

या प्रश्नाचं एक देखणं उत्तर अमेरिकेत फार पूर्वी शोधलं गेलं होतं. कार्बाइनवरच्या, म्हणजे आखूड रायफलीवरच्या, कामासाठी प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड मार्शल विल्यम्स याने तरंगतं चेंबर बनवलं. यात चेंबर हा नळीचा भाग नसून मागे-पुढे सरकणारा वेगळा तुकडा असतो. बार झाला की वायू चेंबर आणि नळीच्या सांध्यात शिरतो आणि चेंबरच्या पुढच्या रुंद कडेवर दाब देतो. नुसत्या पुंगळीच्या बुडापेक्षा हा पृष्ठभाग मोठा, म्हणून धक्का मोठा. चेंबर किंचित मागे सरकतं आणि बोल्टला पायाने ठोकर मारल्यासारखं मागे रेटतं. याच युक्तीवर १९३० च्या दशकात कोल्टचं सराव-पिस्तूल आलं. .४५ च्या पिस्तुलात बोल्टचं काम करणाऱ्या जड स्लाइडला इवलंसं .२२ काडतूस मागे ढकलू लागलं. १९४१ मध्ये रेमिंग्टनने हीच कल्पना मॉडेल ५५० रायफलीत घातली. ही रायफल शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल ही .२२ ची तिन्ही काडतुसं कोणताही भाग न बदलता सेमी-ऑटोमध्ये चालवायची. एकच दुखणं: तरंगतं चेंबर काजळीने जाम व्हायचं आणि वेळच्या वेळी काढून साफ करावं लागायचं.

'पण स्पर्धेतली पिस्तुलं तर मंद काडतुसांवरच चालतात'

बरोबर हेरलंत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. त्या प्रकारातली पिस्तुलं सेमी-ऑटो .२२ असतात आणि काडतुसं मध्यम वेगाची. ती चालतात कारण बोल्टचं वजन आणि स्प्रिंग पहिल्या रेघेपासूनच त्या काडतुसासाठी आखलेली असते. पुरुषांच्या रॅपिड फायर, म्हणजे झटपट बारांच्या, प्रकारात तर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत .२२ शॉर्ट हे आणखी दुबळं काडतूस चालायचं, आणि त्याच्यासाठी खास पिस्तुलं बनायची. नियम बदलून लाँग रायफल सक्तीचं झाल्यावर ती पिस्तुलं स्पर्धेतून बाद झाली. याच पिस्तुलात कुणी मेणाळ स्वस्त काडतूस किंवा अतिवेगवान काडतूस भरलं तर तक्रारी सुरू होतात.

या प्रकारांत अडथळा आला तर नेमबाज काय करतो तेही बघण्यासारखं आहे. तो पिस्तूल लक्ष्याच्या दिशेलाच धरून ठेवतो, मोकळा हात वर करतो आणि पंचांची वाट बघतो. बोल्टला हात लावला तर बिघाड ग्राह्य धरला जात नाही. त्याने स्वतः पिस्तूल उघडलं तर अडथळा खरोखर कशामुळे आला हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून हा नियम.

आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री-पोझिशन, म्हणजे तीन स्थितींतून नेमबाजीच्या, प्रकारात कांस्यपदक जिंकणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे? त्याच्या रायफलीत हा प्रश्न उद्भवतच नाही. तो प्रकार एकबारी रायफलींचा. प्रत्येक काडतूस हाताने चेंबरमध्ये ठेवायचं, बोल्ट हाताने बंद करायचा. तिथे काडतुसाचा सगळा जोर गोळीसाठी.

मोठ्या रायफलींतही हेच, वाट वेगळी

.२२ पेक्षा खूप ताकदवान रायफल-काडतुसांत नुसत्या वजनावर बोल्ट धरून ठेवणं सहसा जमत नाही. तिथे तो पक्का कुलूपबंद असतो, आणि बहुतेक सेमी-ऑटो रायफलींत नळीला पाडलेल्या बारीक छिद्रातून थोडा वायू वळवून कुलूप उघडलं जातं. गोळी ते छिद्र ओलांडून नळीबाहेर पडेपर्यंतच वायूला पुरेसा दाब असतो. मंद काडतुसात त्या छिद्रापाशी दाब आधीच ओसरलेला असतो, आणि बोल्ट अर्ध्यावर राहतो. अमेरिकेत २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या .३०० ब्लॅकआउट काडतुसाने यावर दुहेरी उपाय केला: सबसॉनिकसाठी २२० ग्रेनची जाडजूड गोळी, आणि वायूचं छिद्र चेंबरच्या बरंच जवळ.

लष्करी सरावात वापरतात ती कोरी, म्हणजे गोळी नसलेली काडतुसं हे याचं टोकाचं उदाहरण. गोळीचा अडसर नसल्याने वायू सरळ नळीच्या तोंडातून निघून जातो. म्हणून तोंडावर एक अरुंद बुचासारखा जोड बसवतात, दाब आत कोंडतो आणि रायफल चालते. हा जोड भडक रंगाचा असतो, कारण तो लावलेला असताना खरं काडतूस उडालं तर अपघात ठरलेला.

फुसका बार: इथे थांबायचं

आता तो घातक अडथळा. काडतुसात दारू फारच कमी पडली किंवा पेटलीच नाही, तर नुसत्या मसाल्याच्या जोरावर गोळी चेंबरमधून निघते आणि नळीत मध्येच अडकते. बाहेरून दिसतं काय? 'फट्' असा दबका आवाज, कागदावर भोक नाही, बोल्ट हललेला नाही. मंद काडतुसं वापरणाऱ्याला दबक्या आवाजाची आणि न हलणाऱ्या बोल्टची सवयच झालेली असते. तो हाताने बोल्ट ओढतो, पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस आत जातं, आणि पुढची गोळी अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते. नळी तिथे फुगते किंवा फाटते. सेमी-ऑटो नीट चालत असती तर बोल्ट न हलणं हीच धोक्याची सूचना ठरली असती. मंद काडतुसांत ही सूचना रोजच्या अडथळ्यांत बुडून जाते.

यासाठीच अगिलाच्या कोलिब्री या बिनदारूच्या काडतुसाबाबत कंपनी ते रायफलीत वापरू नका म्हणून बजावते. लांब, पिळांच्या नळीतलं घर्षण पार करण्याइतका जोर त्यात नसतो.

म्हणून मंद काडतुसं वापरताना प्रत्येक बाराचं भोक कागदावर दिसलं पाहिजे. निशाण इतकं जवळ ठेवा की ते मोजता येईल. एखादा आवाज बाकीच्यांपेक्षा वेगळा वाटला, किंवा भोक सापडलं नाही, की अर्धा मिनिट थांबा, मॅगझिन काढा, बोल्ट मागे अडकवून ठेवा, चेंबर रिकामं असल्याची खात्री करा आणि मागच्या बाजूने नळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघा. चेंबरच्या बाजूने डोकावता येत नसेल अशा रायफलीत पांढऱ्या कागदाचा तुकडा बोल्टसमोर धरून त्यावर उजेड पाडतात, किंवा साफसफाईची सळई पुढून अलगद आत सरकवून ती बोल्टपर्यंत पोहोचते का ते तपासतात. सळई मध्येच थांबली तर ती रायफल त्या दिवशी पिशवीत जाते आणि तिथून गनस्मिथकडे. अडकलेली गोळी दुसऱ्या गोळीने बाहेर काढायचा प्रयत्न कुणीही, कधीही करू नये.